पडद्यामागून न आलेलं वाक्य

आमच्या उमापूरच्या यात्रा कमिटीने यंदा अंगदचा सत्कार करायचं ठरवलं आहे. शाल, श्रीफळ, फेटा आणि एक छोटी पुस्तिका. पुस्तिकेचं काम प्रियदर्शनीकडे आहे. ही कमिटीचे अध्यक्ष अर्जुनराव यांची सून, शिकलेली, कामाला वाघीण. ती घरी आली आणि म्हणाली, "गुरुजी, अंगददादांवर तुमीच लिहा. तुमच्याइतकं त्यांना कोन वळखतंय?"

खरं आहे तिचं. माणूस ज्याच्यावर जळतो त्याला फार बारकाईने ओळखतो.

मी राधाकिशन, जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त शिक्षक. वय सहासष्ट, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. गावात नाटक बसलं की लिहिणारा मी, बसवणारा मी आणि प्रयोगाच्या दिवशी विंगेत पडद्याआड वही घेऊन प्रॉम्प्टिंग करणाराही मीच. पस्तीस वर्षांत एकदाही मी प्रेक्षकांना दिसलेलो नाही. अंगदचं चरित्र लिहायचं म्हणजे त्याच्या उजेडात स्वतःचा अंधार मोजायचा, पण लिहितो.

अंगद बावन्न वर्षांचा आहे. धंदा मेंढरांचा. शंभराच्या आसपास मेंढरं, वीसेक शेळ्या, दोन कुत्री. शाळा चौथीपर्यंत. एसटीची पाटी वाचतो, वही दिली की घाम फुटतो. उंची सहा फूट, नाक सरळ, डोळे मोठे. आवाज असा की माळावरून हाक मारली तर पलीकडच्या वस्तीवरची कुत्रीही उभी राहतात. देवाने द्यावं, पण एकाच माणसाला किती द्यावं याला काही हिशेब हवा की नको?

मला देवाने अक्कल दिली आणि वर फाटका आवाज दिला. तरुणपणी औरंगाबादला जाऊन मी नाट्याचा डिप्लोमा केला. कर्ज काढून नव्हे, एक वेळ जेवून. ग्रीकांच्या नाटकात आधी नुसता समूह होता, पन्नास जण गात-नाचत, मग त्यातून एक जण बाहेर पडून त्यांच्याशी बोलू लागला आणि जगातला पहिला नट झाला, हे मी तिथे शिकलो. आपल्याकडे सूत्रधार येतो, नांदी होते, विदूषक हसवतो, रस आठ की नऊ यावर पंडित शतकानुशतकं भांडतात, तेही शिकलो. परीक्षेला दोन पानांचं स्वगत म्हणून दाखवायचं होतं. मी जीव ओतून म्हटलं. परीक्षक सर भले माणूस. ते म्हणाले, "तुम्ही लिहा, शिकवा. उभे राहू नका." मोठ्याने बोललो की माझा आवाज शेळीसारखा चिरकतो. कुजबुजलो तर मात्र मी सम्राट. म्हणून प्रॉम्प्टर झालो.

अंगद नाटकात आला तो अपघाताने. एका वर्षी आमचा नायक ऐन वेळी सासुरवाडीला गेला आणि परतला नाही. वेशीजवळ मेंढरं घेऊन निघालेला हा धिप्पाड गडी मला दिसला आणि मी त्याला धरला. त्याला वाचून पाठ करता येईना, तेव्हा मीच वही घेऊन त्याच्या मेंढरांमागे चालायला लागलो. हातात छत्री, पायात कॅनव्हासचे बूट. मी एक वाक्य म्हणायचो, तो पुढचं मेंढरू वळवत तेच वाक्य म्हणायचा. मी जिथे थांबायचो तिथे तो थांबायचा. मी उसासा सोडला की तोही सोडायचा. महिनाभर असा माळ तुडवला. गावातली पोरं विचारायची, "गुरुजी, मेंढरं राखायला लागलात का?" मी हसून घ्यायचो.

आता मला सांगा, त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते कोणाचं? चढ माझे, उतार माझे, श्वास घ्यायची जागासुद्धा माझी. पण लोक काय म्हणाले? "अंगदनं काय काम केलं ओ!" कणीक मी मळली, पोळ्या मी लाटल्या, आणि वाढणाऱ्याच्या नावाने ढेकर.

तेव्हापासून दरवर्षी हेच चाललंय. अंगद राजा झाला, जमीनदार झाला, फाशी जाणारा शिपाई झाला. मी वही झालो. माझी बायको मंजुळाबाई म्हणते, "अवो, नाचता येईना अंगन वाकडं, तसं झालं तुमचं." एवढं टोचून बोलायला तिला वहीही लागत नाही.

चार वर्षांपूर्वी मी माझं सगळ्यात चांगलं नाटक लिहिलं. एका गढीच्या राजाचा मुलगा लहानपणीच हरवलेला असतो. राजा हुकूम काढतो, परवानगीशिवाय वेशीच्या आत येईल त्याला ठार मारा. दहा वर्षांनी एक तरुण वेशीवर मारला जातो. दूत येऊन राजाला सांगतो की तो तुमचाच मुलगा होता. मरण स्टेजवर दाखवायचं नाही, ही आपल्या जुन्या शास्त्रकारांची शिस्त. ग्रीकांनीही बहुतेक मरणं पडद्याआडच ठेवली आणि दूताच्या तोंडून सांगितली. दोघांचं एकमत होतं, म्हणून मीही ते पाळलं. आपलं जुनं नाटक शोकावर संपत नाही, त्यांचं संपतं. तिथे मी त्यांच्या बाजूने गेलो, पण शेवटी सर्वांचं भलं व्हावं अशी दोन ओळींची प्रार्थना आपल्या रीतीने जोडली. दोन्हीकडचं सोनं घेऊन दागिना घडवला होता मी.

दूताचं ऐकल्यावर राजाने एकच वाक्य म्हणायचं होतं, "दरवाजे उघडा. पोराला आत आणा."

ते नाटक घेऊन आम्ही परळी वैजनाथला हौशी नाट्यस्पर्धेला गेलो. टेम्पोत सामान, जीपमध्ये माणसं. वाटेत केजला चहाला थांबलो. तिथे चहावाल्याने अंगदला ओळखलं. आमचं आधीचं एक नाटक त्याने गेवराईला पाहिलं होतं. त्याने अंगदचा हात हातात घेतला, त्याला दुसरा चहा दिला, भजी दिली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमी यांचे डायवर का?" मी खिशातून गोळी काढून चहाबरोबर घेतली, तेव्हा रागाने हात थरथरत होता.

परळीला नाट्यगृहाच्या खुर्च्यांवर औष्णिक वीजकेंद्राची राख बारीक बसली होती. आम्हीच पुसली. रंगभूषा झाल्यावर संयोजकांपैकी एक तरुण आत आला, राजाच्या वेशातल्या अंगदला वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाला, "काका, राजासाहेबांना खुर्ची आणा जरा." मी खुर्ची आणली. अंगद उठून म्हणाला, "गुरुजी, तुमी बसा." त्याचं ते मोठं मन मला खुर्चीपेक्षा जड झालं. लाथ परवडली, पण ज्याच्यावर आपण जळतो त्याची दया परवडत नाही.

त्या क्षणी मी ठरवलं. हा वहीशिवाय काय आहे ते आज सगळ्यांना दिसू दे.

नाटक रंगलं. प्रत्येक वाक्याला मी पडद्यामागून पहिले दोन शब्द देत होतो आणि तो पुढे उचलत होता, नेहमीसारखाच. शेवटच्या प्रवेशात दूताचं काम करणारा तानाजी धावत आला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने बातमी सांगितली. अंगद वळला. आता माझी पाळी होती.

मी गप्प बसलो.

वही उघडी होती, वाक्य समोर होतं. मी ओठ दाबले आणि मनात आकडे मोजायला लागलो. पाच. दहा. अंगदने मान किंचित माझ्या बाजूला वळवली. पंधरा. त्याचं अंग ताठ झालं. फटीतून मला त्याचा चेहरा दिसत होता, रंगाखालूनही पांढरा पडलेला. कपाळावरून घाम उतरत होता. वीस. ओठ हलले, आवाज नाही. हात कापायला लागला. मला वाटलं, आता हसतील. आता कोणीतरी शिट्टी मारेल. माझ्या आयुष्यात इतकं सुख मला कधी झालं नव्हतं, हे मी आज लिहून ठेवतो, कारण खोटं लिहायचं असतं तर मी पुढाऱ्यांची भाषणं लिहिली असती.

पण कोणी हसलं नाही. तिसाच्या पुढे मला पहिल्या रांगेतून बाईमाणसाचा हुंदका ऐकू आला. मग मागून आणखी एक. सगळं सभागृह श्वास रोखून बसलं होतं. मग मीच घाबरलो आणि चाळीसला वाक्य सांगून टाकलं. माझा आवाज कानावर पडताच अंगदच्या डोळ्यांतून धारा लागल्या. फुटक्या आवाजात तो म्हणाला, "दरवाजे उघडा. पोराला आत आणा." लोक उभे राहिले.

बक्षीस समारंभात परीक्षक, कुठल्याशा विद्यापीठातले निवृत्त प्राध्यापक, अर्धा तास त्या शांततेवरच बोलले. म्हणाले, "आपल्या शास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. अंग थिजणं, घाम, काटा येणं, आवाज फुटणं, कंप, चेहऱ्याचा रंग उडणं, अश्रू, शुद्ध हरपणं. हात-पाय हलवून हे दाखवता येत नाहीत, मन तिथे पोहोचावं लागतं. आज मी सहा मोजले. आणि ग्रीकांनी सांगितलेलं ते भय आणि करुणा, ज्याने प्रेक्षकाचं मन धुऊन निघतं, तेही इथे घडलं. ही गोष्ट कोणी शिकवू शकत नाही."

कोणी शिकवू शकत नाही! मी चौथ्या रांगेत बसलो होतो. शास्त्र मला पाठ होतं, आणि त्या शास्त्राला साक्षी ठेवून माझ्या दुष्टपणाला मिळालेला बक्षिसाचा पेला अंगद घेऊन गेला. अभिनयाचं पहिलं अंगदला. लेखनाचं उत्तेजनार्थ मला, भिंतीवरचं घड्याळ. तेही मागे पडतं.

त्यानंतर चार वर्षं मी त्या चाळीस आकड्यांवर जगतोय. लोक आजही गावात त्या शांततेच्या गोष्टी सांगतात. बीडहून कॉलेजची पोरं येतात, अंगदचा व्हिडिओ काढतात, विचारतात, "ते कसं केलंत?" तो हसतो आणि म्हणतो, "झालं आपलं." मी बाजूला उभा असतो. माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कारण ती शांतता माझी होती. त्याने केली नाही, मी केली. तो घाबरला, वाक्य आठवेना, तोंडघशी पडत होता, आणि नशीब बघा, पडता पडता सिंहासनावर बसला.

म्हणून या पुस्तिकेत मी ते लिहायचं ठरवलं. सगळं. बघणाऱ्याला कबुलीजबाब वाटेल, पण मला त्यातून माझं श्रेय परत हवं होतं, हे उघड सांगतो.

इथवरचा मजकूर मी एका बैठकीत लिहिला आणि मंजुळाबाईला वाचून दाखवला. तिने पोळी तव्यावरून उतरवली, गॅस बंद केला आणि म्हणाली, "छापा. पर आदी त्याला वाचून दावा. मागून वार करू नगा, येकदा केलाय तेवढा बास." पुढचं जे आहे ते त्यानंतर जोडलेलं आहे. वरचं मी एका अक्षराने बदललेलं नाही, आणि प्रियदर्शनी, तूही बदलू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद घेऊन माळावर गेलो. अंगद पाझर तलावाच्या वरच्या अंगाला मेंढरं चारत होता. मला बघून त्याला आनंद झाला. "नवं नाटक का, गुरुजी?"

"तुझ्यावरच लिहिलंय. सत्कारासाठी. ऐक."

"बसता का?"

"नको. चालत चालत वाचतो."

मी वाचत निघालो. जुनी सवय, तो माझ्या मागोमाग तोंडातल्या तोंडात प्रत्येक वाक्य म्हणत होता. त्याच्या उंचीचं, आवाजाचं आलं तेव्हा लाजला. माझ्या कॅनव्हासच्या बुटांचं आलं तेव्हा खदखदून हसला. केजचा चहावाला आला, खुर्ची आली, तरी त्याची पुटपुट चालू होती. मग मी वाचलं, "मी गप्प बसलो." ते त्याने म्हटलं नाही.

मी मान वर केली नाही. तसाच वाचत गेलो. पाच, दहा, पंधरा. सुखाचं वाक्यही वाचलं. प्राध्यापक वाचले, पेला वाचला, सिंहासन वाचलं. संपल्यावर कागदाची घडी घातली आणि म्हणालो, "हे छापणार आहे मी. तुला राग आला तर आत्ता सांग."

अंगद काठीवर हनुवटी टेकवून उभा होता. मग म्हणाला, "गुरुजी, येक गोष्ट चुकीची लिवलीय तुमी."

"कोणती?"

"वाक्य मला याद व्हतं."

मी हसलो असेन. "उगं काही सांगू नको. थिजला होतास तू. मी बघितलंय."

"याद व्हतं. सगळंच याद ऱ्हातं मला. तानाजीचं काम बी येतं, सगळ्याचं येतं. येवडा महिनाभर तुमी मेंढरामागं चालत म्हनत व्हता, ते कसं इसरंल?"

"मग दरवेळी माझ्या शब्दाची वाट कशाला बघतोस?"

"तुमी लिवलेलं हाय. तुमी आदी म्हनायचं, मग म्या. आमच्या धनगरांत वव्या म्हनताना बी असंच हाय. म्होरल्यानं टाकल्याबिगर मागल्यानं उचलायचं न्हाई. बरं दिसत न्हाई ते."

"आणि त्या दिवशी? चाळीस आकडे उभा होतास. घाम फुटला होता. थरथरत होतास."

तो माझ्याकडे बघायला लागला. हा माणूस शहाणा म्हणून इतकी वर्षं ऐकलं आणि याला एवढंही कळू नये, असं त्याच्या तोंडावर होतं.

"केजला तुमी गोळी घेतली न्हवं? हात थरथरायलता तुमचा. म्या बगितलं व्हतं. म्हून तर खुर्चीवर बसा म्हनलो. मग नाटकात तुमचा आवाजच येईना. पयल्यांदाच इतक्या वर्सांत आवाज आला न्हाई. मला वाटलं, पडलात मागं. मागं तर तुमच्याजवळ कुनी न्हाई. जाऊन बगावं म्हनलं तर म्होरं येवडे लोक, आन तानाजी पाय धरून बसल्याला. पाय उचलंना मपला. काय करावं कळंना. मग तुमचा आवाज आला."

एक शेळी बांधावर चढली. त्याने तोंडाने आवाज काढून तिला खाली घेतलं.

मी विचारलं ते भलतंच. "आणि मग चार वर्षं मला हे सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं त्यात? तुमी धडधाकट व्हता. बास झालं."

"अरे, पण पेला मिळाला त्याच्यावर! लोक विचारतात तुला, कसं केलंस म्हणून."

"लोकास्नी काय सांगू? आमचे गुरुजी मेले वाटलं म्हून?" तो हसला. "तुमी छापा ते. वाक्य इसरलो म्हून लिवलंय तेवडं खोडा. तेवडंच खोटं हाय."

मी ते खोडलेलं नाही, वर तसंच आहे, वाचणाऱ्याने बघावं. आता जळण्यासारखंही काही राहिलं नाही असं लिहिलं असतं तर शोभलं असतं, पण तेही खोटं होईल. माळावरून परतताना मी पूर्वीपेक्षा जास्त जळत होतो. अभिनय येतो म्हणून जळणं सोपं होतं. माझ्यासाठी कोणी असं भर स्टेजवर पांढरं पडावं आणि मी त्या वेळी मजेत आकडे मोजावेत, याचं काय करायचं ते मला शिकवणारं शास्त्र दोन्हीकडच्या पंडितांनी लिहिलेलं नाही.

आणि घरी येऊन हे लिहायला बसलो तेव्हा मला त्या प्रयोगानंतरची गोष्ट आठवली. पडदा पडला होता, टाळ्या चालू होत्या. तानाजी आणि बाकीचे सगळे नमस्काराला पुढे उभे होते. अंगद एकटा धावत मागे आला. माझे दोन्ही दंड घट्ट धरून तो मला वरपासून खालपर्यंत बघत राहिला. मला वाटलं, शाबासकी मागायला आलाय. मी त्याचे हात झटकले.

"मुकुट सांभाळ," मी म्हणालो, "मोडेल."